बाबांची शेळी आणि यांची कवळी

लग्नाकार्यात लोक नवरी बघतात, दागिने बघतात, जेवायला काय आहे ते बघतात. आमचे हे लोकांच्या तोंडात बघतात. कुणी मोठ्यानं हसलं की यांची मान वळलीच म्हणून समजा. मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजणार, "तो निळ्या शर्टवाला बघितलास? वरची माझी आहे. खालची दुसऱ्या कुणीतरी केलीय, म्हणून हसताना तोंडावर हात धरतो बिचारा." मी म्हणते, अहो, निदान इथे तरी माणसांकडे माणसांसारखं बघा.

हे कवळ्या बनवतात. शहरातले दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि आमच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या बाकावर, हे त्या मापांवरून प्लास्टरचे जबडे ओततात, मेणात दात रोवतात, घासतात, चमकवतात. ओळखीपाळखीच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची मापं स्वतःच घेतात. माझ्या सगळ्या संसारात खिडकीच्या कट्ट्यावर फुलदाणी अशी कधी राहिलीच नाही, कायम कुणाचा तरी जबडा वाळत असतो. स्वभाव म्हणाल तर गरीब गाय. कुणाला दुखावणार नाहीत, आवाज चढवणार नाहीत, आणि हातातलं काम "झालं" असं कधी म्हणणार नाहीत. "अजून जरासं घासतो" हे यांचं ठरलेलं वाक्य. चष्मा कपाळावर असतो आणि हे तो घरभर शोधत असतात. अशा माणसाशी भांडण करायचं म्हणजे भांडणाऱ्यालाच लाज वाटते. माझ्या बाबांना मात्र कधी वाटली नाही.

बाबा वीज खात्यात होते. डोंगरांवरून तारा जातात ना, त्यांचे मनोरे तपासायचं त्यांचं काम. रस्ता जिथे संपतो तिथून पुढे त्यांची नोकरी सुरू व्हायची. त्यासाठी खात्यानं त्यांना एक मोटरसायकल दिली होती. उंच, सडपातळ, खडबडीत टायरची, आणि ओढ्यातून जाताना पाणी शिरू नये म्हणून सायलेन्सर वर मांडीपाशी घेतलेला. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. कुठलाही चढ चढायची म्हणून खात्यातल्या लोकांनी तिचं नाव ठेवलं शेळी. निवृत्त होताना बाबांनी लिलावात ती विकत घेतली. आई तेव्हा म्हणाली होती, "आता ही घरात कुठे चढणार आहे?" पुढे कितीतरी वर्षं शेळी बाबांच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती.

आई गेली आणि बाबा आमच्याकडे राहायला आले. टेम्पोतून एक ट्रंक उतरली आणि शेळी उतरली. शेळी सुरू होत नव्हती. ट्रंकेचं कुलूप उघडत नव्हतं. बाबांचं तोंडही फारसं उघडत नव्हतं, पण ते आई गेल्यामुळे.

या जावयावर बाबांचा आधीपासूनच लोभ नव्हता. "मुलगा चांगला आहे, पण करतो काय, तर लोकांचे दात," असं लग्नाच्या वेळी म्हणाले होते, आणि ते यांच्यापर्यंत पोचलं होतं. तेव्हापासून सासऱ्यांना खूश करायची एकही संधी हे सोडत नसत. शेळी घरात आल्यावर यांना वाटलं, आता आली वेळ. एका दुपारी बाबा झोपलेले असताना, न विचारता, यांनी परसातल्या शेडमध्ये तिचं इंजिन उघडलं. आत काहीतरी अडकलं होतं. यांनी प्लास्टर फोडायची आपली छोटी हातोडी घेतली आणि हलकेच, अगदी हलकेच म्हणतात हे, एक ठोका मारला. कट्ट असा आवाज झाला. त्या आवाजानं बाबा जागे झाले. तोफ डागली असती तरी झाले नसते.

बाबा शेडच्या दारात येऊन उभे राहिले. खाली जुन्या चादरीवर किक-गिअर पडला होता, आणि त्याच्या शेजारी त्याचे मोडलेले दोन दाते. किक मारली की हाच गिअर इंजिनाला फिरवतो. तो नाही तर किक नाही. बाबांनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सांग, आता माझ्याशी बोलायची तसदी घेऊ नकोस म्हणावं."

झालं. त्या दिवसापासून मी या घरातलं टेलिफोन एक्सचेंज झाले. जेवायला तिघंच, टेबल हातभर, पण बाबा म्हणणार, "तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ इकडे सरकव म्हणावं." हे मीठ सरकवणार आणि म्हणणार, "बाबांना सांग, सरकवलंय." मी एकदा कंटाळून दोघांनाही काहीच सांगितलं नाही. तर दोघंही अळणी जेवले, पण बोलले नाहीत.

हेही चाललं असतं. घरोघरी काही ना काही असतंच. पण पुढल्याच महिन्यात बाबांची जुनी कवळी बेसिनमध्ये पडून फुटली. वरचीचे तीन तुकडे, खालचीचे दोन. आणि मी बसलेय कवळीवाल्याची बायको. मागच्या खोलीत सगळी सामग्री तयार, माणूस तयार, आणि बाबा म्हणतात, "ज्या हातानं माझा गिअर मोडला तो हात माझ्या तोंडात जाणार नाही." दुसऱ्या कुणाकडे जा म्हटलं तर म्हणाले, "म्हणजे जावयाची अब्रू मीच घालवू? लोक काय म्हणतील?" आता या माणसाला काय म्हणावं.

मग बाबा मऊ भात, दूध, कुस्करलेला पाव यावर आले. तोंडातल्या तोंडात घोळवायचं आणि गिळायचं. जो माणूस पाठीवर दोरखंड घेऊन मनोऱ्यांवर चढायचा, तो वाटीभर भातावर उठायला लागला. पट्ट्याला भोकं पाडायची माझी पाळी आली. मनगटावरचं घड्याळ घसरून कोपरापाशी जायला लागलं. आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की या वयात चावून खाल्लं नाही तर अंगाला काही लागत नाही, असंच चाललं तर पावसाळ्यापर्यंत अंथरूण धरतील. मी खरंच घाबरले. आई गेली तेव्हा मला काही करता आलं नव्हतं. इथे तर औषध माझ्याच घरातल्या बाकावर होतं आणि दोन हट्टी पुरुष त्याच्या आड उभे होते.

एका दुपारी मी जेवणाच्या टेबलावर डाव आपटला. म्हटलं, "आता दोघंही ऐका. मी कुणाचा निरोप कुणाला देणार नाही. बाबा, कवळी कशी घालणार ते बोला, नाहीतर मीपण आजपासून जेवत नाही." मी आईवर गेलेय, असं काहीसं बाबा पुटपुटले. मग म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सांग, शेळी सुरू करून दाखव. तिच्या स्वतःच्या पार्टांवर. आणि किक मारून. ढकलून सुरू केलेली मी धरत नाही. ज्या दिवशी शेळी बोलेल त्या दिवशी मी त्याची कवळी तोंडात घालीन."

"बाबांना सांग, कबूल," हे म्हणाले. "पण माप आत्ताच द्यायचं."

माप देताना बाबांनी जो काही छळ मांडला तो सांगायला नको. गुलाबी लगद्यानं भरलेला ट्रे तोंडापाशी आला की ते ओठ घट्ट मिटून यांच्याकडे असे बघायचे, की हे ट्रे घेऊन मागे सरकायचे. मीच शेवटी बाबांचं नाक धरलं, तेव्हा तोंड उघडलं.

आणि मग आमच्या घरात शेळीचं बाळंतपण सुरू झालं. यांनी ती पार सुटी केली. माझ्या फ्रिजमध्ये बर्फाच्या ट्रेशेजारी बेअरिंग आली, कारण गार केली की ती आकसतात आणि आपल्या खोबणीत नीट बसतात म्हणे. पेट्रोलच्या टाकीत आतून गंज होता, तो काढायला यांनी टाकीत बारीक खडे भरले आणि रोज सकाळी ती दोन्ही हातांत धरून हलवत अंगणात फेऱ्या मारायला लागले. शेजारीण मला हळूच विचारून गेली, की यांना कुणी डॉक्टरनं सांगितलंय का. पुढचा मडगार्ड एका गॅरेजबाहेर सापडला, त्यात तिथला कुत्रा पाणी प्यायचा. यांनी त्या कुत्र्यासाठी नवीन पातेलं नेलं, तेव्हा कुठे मडगार्ड हलला. यातही यांच्यातला कवळीवाला जागा असायचाच. तारेचा प्रत्येक स्पोक हे असे पुसायचे जणू तो कुणाच्या तोंडात जायचा आहे. बाबा खिडकीतून वर्तमानपत्राच्या आडून बघायचे. चुकलं की मला हाक मारायचे, "तुझ्या नवऱ्याला सांग, ती केबल आतून घ्यायची." हे केबल आतून घ्यायचे.

सगळं जमलं. अडलं ते किक-गिअरपाशी.

प्रश्न असा होता की या गाड्यांच्या पहिल्या खेपेला एक गिअर होता आणि नंतरच्या खेपेला दुसरा. दिसायला अगदी जुळे. पण पहिल्याच्या दात्यांना एका अंगानं उतार आहे, दुसऱ्याच्या नाही. बाबांची शेळी पहिल्या खेपेची. जुन्या पार्टांचा धंदा करणारा जो तो दुसऱ्या खेपेचा गिअर पाठवायचा आणि शपथेवर सांगायचा की हाच तो. हे तो बसवायचे आणि किक रिकामी खाली जायची, गाळात पाय गेल्यासारखी.

शेवटी यांनी तो गिअर घरीच बनवला. कवळीला धरून ठेवणारे आकडे ज्या धातूचे करतात त्या धातूत ओतला, चांगला चमकवला. इतका देखणा झाला होता की मला वाटलं गळ्यात घालावा. पहिल्याच किकेला त्याचे चार तुकडे झाले. तो धातू कडक असतो पण ठिसूळ, तोंडात ठीक, इंजिनात नाही. बाबा खिडकीतून म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सांग, खोटं ते खोटं." त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी बाबांवर तीन दिवस रागावले होते.

सगळे पार्टवाले एकाच माणसाचं नाव घ्यायचे, पण कुणी धड पत्ता द्यायचा नाही, कारण तो देतच नाही म्हणे. दुसऱ्या गावात राहणारा एक म्हातारा. एके काळी त्याचं सुट्या भागांचं दुकान होतं. दुकान बंद केलं पण माल विकला नाही. एकेक पार्ट तेलाच्या कागदात गुंडाळून ठेवलाय, आणि मनात आलं तरच देतो. मी त्याचं नाव खजिनदार ठेवलं. यांनी कसाबसा त्याचा फोन नंबर मिळवला. खजिनदार म्हणाला, "तोंडी वर्णन चालत नाही. नमुना पाठवा. बघून सांगतो."

आता मोडका का होईना, गिअर एकच. तो टपालात हरवला तर? दुसरं कुणी असतं तर फोटो काढून पाठवला असता. पण हे कवळीवाले. यांनी काय केलं, गिअरचं माप घेतलं. गुलाबी लगद्यात दाबून ठसा घेतला, त्यात प्लास्टर ओतलं, पांढराशुभ्र गिअर वाळवला, पांढऱ्या डबीत कापसावर ठेवला आणि डबी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. त्याच कट्ट्यावर, तशाच डबीत, तशाच कापसावर, बाबांचा प्लास्टरचा खालचा जबडा ठेवलेला होता. पुढचं मी सांगायला नकोच. डबी यांनीच बांधली, यांनीच पोस्टात टाकली, हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण नंतर माझ्याकडे बोट दाखवायचा प्रयत्न झाला होता.

आठवड्यानं फोन आला, तो मी घेतला. पलीकडून आवाज आला, जरा फुसफुसता, पण भारदस्त.

"नमुना मिळाला. टेबलावर ठेवून रोज बघतोय. सायकलपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं लावून पाहिलं. कुठेच बसेना."

"हो का," मी म्हटलं.

"एवढ्या वर्षांत मी पार्ट ओळखायला चुकलो नव्हतो. झोप लागेना मला. शेवटी आज सुनेनं चहा ठेवता ठेवता बघितलं आणि म्हणाली, मामंजी, हा कुणाचा तरी जबडा आहे."

मी डोळे मिटले. म्हटलं, "माझ्या वडिलांचा आहे."

मला वाटलं, गेला गिअर. मग तो म्हणाला, "काम स्वच्छ आहे. कुणी केलंय?"

"आमच्या यांनी. ते कवळ्या करतात."

"मी येतो," खजिनदार म्हणाला आणि फोन ठेवला.

आणि खरंच आला. बुटका, टोपी घातलेला, तोंडात एकही दात नाही. कवळी होती म्हणे, पण ती बोलताना मागं राहायची आणि शब्द पुढं जायचे, म्हणून खिशात ठेवायचा. आल्या आल्या त्यानं बाबांचा जबडा परत केला, कट्ट्यावरचा पांढरा गिअर निरखला आणि दुसऱ्या खिशातून तेलाच्या कागदाची एक पुडी काढली, उघडली, आणि आत पहिल्या खेपेचा गिअर. नवाकोरा. उतार असलेले दाते. यांनी चष्मा शोधायला सुरुवात केली, कपाळावरच होता, तो मीच खाली ओढला. हे हात पुढे करणार तेवढ्यात खजिनदारानं पुडी मिटली आणि खिशात टाकून वरून बटण लावलं.

"आधी माझी कवळी बसू दे," तो म्हणाला. "मग तुमचा गिअर बसेल."

म्हणजे आता असं झालं की गिअर बसल्याशिवाय एक म्हातारा कवळी घालणार नाही, आणि कवळी बसल्याशिवाय दुसरा म्हातारा गिअर देणार नाही. मधे आमचे हे. यांनी एवढंच म्हटलं, "बसा. तोंड उघडा."

खजिनदार दर आठवड्याला बसनं यायचा. एकदा मापाला, एकदा चावा बघायला, एकदा मेणातली कवळी घालून बघायला. प्रत्येक वेळी गिअर खिशात घालून आणायचा आणि खिशात घालून परत न्यायचा. जाताना खिसा एकदा चाचपायचा, आमच्यादेखत. बाबांचं आणि त्याचं दहा मिनिटांत जुळलं आणि अकराव्या मिनिटाला भांडण झालं, शेळीच्या टाकीचा मूळ रंग कुठला यावरून. मग ते दर आठवड्याला तेच भांडण पुढे चालू ठेवायचे. दोघांनाही दात नाहीत, त्यामुळे भांडण ऐकायला फार गंमत यायची.

पण मी बघत होते, खजिनदाराचं काम चाललं की बाबा वर्तमानपत्र घेऊन मागच्या खोलीच्या दारात येऊन बसायचे. हे कवळी घालायला देणार, मग विचारणार, "इथं टोचतंय? इथं?" खजिनदार जरा कुरकुरला की काढणार, कणभर घासणार, धुणार, पुन्हा घालणार. "आता 'स'चे शब्द म्हणा बघू." इतर लोक साठ, सत्तर म्हणतात. खजिनदार म्हणायचा, "सायलेन्सर. स्पोक. स्प्रॉकेट." जरा शिट्टी वाजली की हे पुन्हा घासायचे. एकदा अख्खी दुपार गेली, चिमूटभर भुकटीसाठी.

त्या संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "तुझा नवरा त्या माणसाला किती विचारतो. मला माप घेताना काहीच विचारलं नाही."

"तुम्ही तोंड कुठे उघडत होतात," मी म्हटलं. बाबांनी पान उलटलं.

खजिनदाराची कवळी झाली त्या दिवशी त्यानं माझ्याकडे गाजर मागितलं. ओट्यापाशी उभा राहून, डोळे मिटून, अख्खं गाजर कराकरा खाल्लं, देठापर्यंत. मग खिशाचं बटण काढलं, पुडी यांच्या हातात ठेवली, आणि म्हणाला, "सायलेन्सर." स्वच्छ. शिट्टी नाही, काही नाही. टाकीच्या रंगावरून बाबांशी शेवटचं भांडून तो बसनं गेला.

यांनी गिअर बसवला, झाकण लावलं, पेट्रोलमध्ये मोजून ऑइल मिसळलं. शेळी अंगणात आणली. मला वाटलं, आता हे एक लाथ मारतील की सुटलो. बाबा बाहेर आले. "पहिली किक माझी," ते कुणाकडेच न बघता म्हणाले.

बाबा शेळीवर चढले. पायजमा वर झाला आणि त्यांची पोटरी दिसली. मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी किकवर पाय ठेवला, उभे राहिले, सगळा भार टाकला. किक निम्म्यापर्यंत गेली आणि शांतपणे बाबांना परत वर घेऊन आली. पुन्हा टाकला. पुन्हा वर. गिअर पकडत होता, इंजिन दाब देत होतं, सगळं बरोबर होतं. बाबांमध्ये वजनच नव्हतं.

ते उतरले. शेळीला हात टेकून उभे राहिले. यांच्याकडे बघून मी म्हटलं, "अहो, मारा ना तुम्ही. सुरू झाली की झालं, करार पुरा. किक मारून म्हणाले होते, कुणी मारायची ते कुठे म्हणाले होते?" खरं सांगते, मला त्या क्षणी फक्त कवळी दिसत होती. ती आतल्या खोलीत पाण्याच्या वाटीत तयार होऊन पडली होती.

हे जागचे हलले नाहीत. मला म्हणाले, "बाबांना सांग, पहिली किक त्यांचीच. मी हात लावणार नाही."

मला असा संताप आला. इतके महिने मरमर मेलात, कुत्र्याला पातेली वाटलीत, आणि आता हा शहाणपणा. मी यांना घरात नेऊन काय काय बोलले ते इथे सांगत नाही. हे ऐकून घेत होते आणि रिकाम्या डब्या पुसत होते.

दोन दिवस घरात कुणी कुणाला काही सांगायला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी घासत होते, तर बाबा स्वयंपाकघरात आले. म्हणाले, "ती वाटी कुठे आहे?" मी वाटी दिली. ते आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून करकर असा आवाज यायला लागला. माझं एक गाजर कमी झालं होतं.

हे मागच्या खोलीत घासत होते, त्यांचा हात थांबला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो आणि आवाज ऐकत राहिलो. नंतर बाबा बाहेर आले तेव्हा तोंड मिटलेलं आणि चेहरा असा की काहीच घडलेलं नाही. मग आम्हीही ठरवलं, की काहीच घडलेलं नाही. बाबांच्या तोंडात कवळी आहे हे घरातल्या कुणालाच माहीत नव्हतं, बाबा धरून. मी ताटात मऊ भाताबरोबर मुकाट्यानं काकडी ठेवायला लागले, मग भाजलेले दाणे, मग मटणाचा तुकडा. ताट रिकामं परत यायचं. अधूनमधून बाबा खाता खाता एकदम थांबायचे, डोळे बारीक करायचे, आणि पुन्हा चावायला लागायचे. मला वाटायचं, आईची आठवण येत असेल.

पट्ट्याची नवी भोकं एकेक करून मागे पडली. घड्याळ मनगटावर आलं. आणि एका रविवारी सकाळी बाबा बूट घालून अंगणात आले आणि मला म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला बोलाव."

हे आले. बाबा शेळीवर चढले, उभे राहिले आणि भार टाकला. किक खालपर्यंत गेली. काही नाही. त्यांनी कार्ब्युरेटरपाशी काहीतरी दाबलं, पुन्हा उभे राहिले, आणि अशी लाथ घातली की दोरीवरचे कपडे हलले. शेळी खोकली, एकदा, दोनदा, आणि मग बोलायलाच लागली. निळा धूर शेजारणीच्या चादरींवर गेला आणि ती बाहेर येऊन काहीतरी म्हणत होती, पण ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. बाबांनी मान तिरकी करून थोडा वेळ ऐकलं, एक स्क्रू किंचित फिरवला, शेळीचा आवाज एकसारखा झाला. मग त्यांनी तिला बंद केलं.

सगळीकडे शांत झालं. मी माझ्या सवयीनं तयार होते, आता निरोप येणार म्हणून.

"अहो," बाबा म्हणाले.

यांनी मागे वळून बघितलं, मागे कुणी उभं आहे का म्हणून.

"तुम्हालाच म्हणतोय." बाबांनी आपणहून तोंड उघडलं, चांगलं मोठं, आणि ऑइलनं काळं झालेलं बोट आत घालून डाव्या बाजूला खाली ठेवलं. "इथं टोचतंय."

हे पुढे झाले, बाबांचं ऑइलचं बोट हातानं बाजूला केलं आणि वाकून बघितलं. हिरडी लालभडक झाली होती. "कधीपासून?"

"पहिल्या गाजरापासून."

"अहो बाबा, मग सांगायचं ना."

"बोलत कुठे होतो आपण," बाबा म्हणाले.

म्हणजे इतके दिवस त्या जखमेवर चावून चावून हा माणूस जेवत होता. यांनी कपाळावरचा चष्मा शोधला, तो सापडेना, डोळे तसेच हातानं पुसले, त्यामुळे सगळं ऑइल चेहऱ्याला लागलं. "आत चला," म्हणाले, "जरासं घासून देतो."

बाबा उतरले आणि जाता जाता मला म्हणाले, "शेळीला धर गं, स्टँड ढिला आहे." मी हँडल धरून उभी राहिले. आतून नळाचा आवाज आला, मग घासायच्या यंत्राचा, आणि मग त्या दोघांचा. इथं टोचतंय? नाही. इथं? जरा. आता? मी बराच वेळ तशीच उभी होते. मला कुणी काही सांगायला सांगत नव्हतं.